तुनी मायले सांग

आमच्या घरचं टपाल मी वाटायचो. वय असेल सात-आठ. पत्र नाही, पाकीट नाही, सगळं तोंडी. आबा ओट्यावर खाटेवर बसलेले, माय आत चुलीपाशी, मधे फार तर बारा पावलं. आबा म्हणायचे, "तुनी मायले सांग, जेवाले वाढ." मी बारा पावलं आत जाऊन तेच म्हणायचो. मायने ते ऐकलेलंच असायचं, ताटही पुसून झालेलं असायचं, तरी मी सांगेपर्यंत ती थांबायची. मग म्हणायची, "तुना बापले सांग, हात धुई ल्या." मी पुन्हा बाहेर.

मला हे काम आवडायचं, हे आधीच कबूल करतो. घरात माझ्यावाचून पान हलत नाही असं वाटायचं.

पारोळा तालुक्यातलं, बोरीकाठचं आमचं गाव. आबांनी मायवर कधी हात उचलला नाही. दारूला शिवले नाहीत. ते अबोला धरायचे. हट्ट धरतात, उपास धरतात, डूख धरतात, तसाच अबोलाही धरतात. म्हणजे तो आपोआप होत नाही, धरून ठेवावा लागतो, त्याला नेट लागतो. आबांचा नेट दांडगा होता. चार दिवस, आठ दिवस तर नेहमीचे. सगळ्यात लांबलेला अबोला १९८२ सालचा, आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पोळ्यापर्यंत. जवळजवळ चार महिने.

तो कशावरून सुरू झाला हे मला आजही माहीत नाही. मायलाही नाही. मी तिला दोन-तीनदा विचारलंय. ती म्हणते, डाळीत मीठ जास्त झालं असेल. मग म्हणते, मावशीला पायलीभर दादर ज्वारी दिली होती, त्यावरून असेल. चाळीस वर्षांनंतरही ती आपला गुन्हा शोधते आहे, आणि दर वेळी तिला नवाच सापडतो.

खानदेशात आखाजीला लेकी माहेरी जातात. दिवाळीपेक्षा मोठा सण. झोके बांधलेले, गौराई बसलेली, रस-पोळीचं जेवण. त्या वर्षी मामा गिरणाकाठच्या आपल्या गावाहून मुराळी म्हणून आला. भर दुपारी, वैशाखाच्या उन्हात, एस. टी. स्टँडवरून चालत. आबा ओट्यावर दोर वळत बसले होते. मामा म्हणाला, "दाजी, आक्काले लई जाऊ का?" आबा दोर वळत राहिले. थोड्या वेळाने मामाने पुन्हा विचारलं. दोर वळला जातच होता. मायने आत पिशवी भरून ठेवली होती, तिच्यात माझा नवा सदरा होता. तिसऱ्यांदा विचारायची मामाला हिंमत झाली नाही. पाणी प्यायला आणि चारच्या गाडीने परत गेला.

आबांनी जाऊ नको म्हटलं नव्हतं. जा असंही म्हटलं नव्हतं. मायने पिशवीतून माझा सदरा काढला, घडी पुन्हा घातली आणि खुंटीवर टांगला.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. वीस-बावीस वर्षं झाली. जवळची नाती, जीव जडणं, त्यातली दुखापत हा सगळा भाग अभ्यासक्रमात आहे. कितीतरी वर्षं मी तो घडाघडा सांगत होतो आणि त्यातलं एक अक्षर आमच्या ओट्याशी जोडत नव्हतो. शिकवणारा माणूस असा असू शकतो, याचं नवल वाटून घेऊ नका.

मग वर्गात प्रोजेक्टर आला आणि मी मुलांना एड ट्रॉनिक यांच्या प्रयोगाची फिल्म दाखवली. हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, प्रयोग सत्तरच्या दशकातला. आई बाळाशी खेळते, हसते, बोलते. मग तिला सांगितलेलं असतं की दोन मिनिटं चेहरा कोरा ठेव. बाळाकडे बघायचं, पण हसायचं नाही, बोलायचं नाही. बाळ आधी हसून बघतं, कारण हसलं की आई हसते हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मग बोट दाखवतं. मग हात पुढे करतं, किंचाळतं. मग मान फिरवून घेतं आणि अंगातला सगळा जोम जातो. दोनच मिनिटं. आई मारत नाही, रागावत नाही, सोडून जात नाही.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने वर्गाबाहेर गेलो. आबांच्या खाटेजवळ उभं राहून मी मोठ्याने पाढे म्हणायचो, ते आठवलं. एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला होता. एकदा तर निंबावरून मुद्दाम पडलो. माझ्याशी आबा बोलायचे, पण निरोपापुरतं. चेहरा तोच, कोरा. त्या चेहऱ्यावर काहीतरी उमटावं म्हणून एक पोरगं काय काय करत होतं, आणि आत एक बाई भाकरी जास्तच पातळ थापत होती, कारण आबांना पातळ भाकरी आवडते.

ट्रॉनिक यांचं आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. चांगल्या, सुदृढ मायलेकरांचंही सूर जुळणं साधारण तीस टक्केच वेळा होतं. बाकी वेळ चुकामूकच. बाळाला खेळायचं असतं तेव्हा आई दमलेली असते, आई हसते तेव्हा बाळ भलतीकडे बघत असतं. पण मग कोणीतरी परत वळतं आणि तुटलेलं सांधलं जातं. बाळ शिकतं ते या सांधण्यातून. आमच्या घरी भांडण नव्हतंच, त्यामुळे सांधायला काही हाती लागायचं नाही. अबोला संपायचा तोही न सांधताच, एखादं ढगाळ आभाळ उघडावं तसा.

पोळ्याचा तो दिवस मला लख्ख आठवतो. बैल न्हाऊ-माखू घातलेले, शिंगांना रंग लावून आबांचे हात लाल झालेले. त्यांनी ओट्यावरून आत बघितलं आणि मला नाही, तिला म्हणाले, "चहा ठेव वं."

दोन-तीन शब्द. मायचा चेहरा मी पाहिला. त्या चार महिन्यांत तो इतका कधी उजळला नव्हता. तिने चहात आलं घातलं, पुरणात हात सैल सोडून गूळ घातला, माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि संध्याकाळी पलीकडच्या धाब्यावरच्या, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावरच्या, शेजारणीला नुसतं एवढंच सांगितलं, "आज बोलनात." शेजारीण म्हणाली, "बरं व्हयनं माय." कोणी विचारलं नाही की इतके दिवस का नाही.

हे मी पुढे वर्गात शिकवलं ते कबुतरांच्या रूपात. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांचं १९५७ सालचं काम. कबुतराने चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबुतर लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी तिसाव्या, कधी त्याही पुढे, असा भरवसा नसलेला येत असेल, तर ते कबुतर दाणा पूर्ण बंद झाल्यावरही चोच मारत राहतं. मी मुलांना मटक्याचं उदाहरण देतो. आमच्याकडे ते लगेच कळतं. रोज जिंकणारा माणूस मटक्यात बुडत नाही. महिन्यातून एकदा लागतो तो घर विकतो.

डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर या कॅनडातल्या संशोधकांनी १९८१ मध्ये हेच माणसांच्या नात्यात मांडलं. छळ होत असलेल्या नात्यात बाई अडकून का राहते, या प्रश्नाला तोपर्यंत उत्तर असायचं की बाईतच काहीतरी खोट आहे, तिला तसंच आवडत असेल. या दोघांनी म्हटलं, बाईचा स्वभाव बाजूला ठेवा, नात्याची घडण बघा. दोन गोष्टी एकत्र आल्या की फास घट्ट बसतो: एकाच्या हाती सगळी सत्ता, आणि वाईट वागणुकीत अधूनमधून पेरलेली माया. नंतर १९९३ साली त्यांनी असं नातं सोडून बाहेर पडलेल्या ७५ बायकांचा अभ्यास छापला. सहा महिन्यांनी पुन्हा भेटल्यावरही त्यांच्यातली ओढ पुरती गेलेली नव्हती. आणि ती ओढ समजावून सांगताना सत्तेतली तफावत आणि वागण्यातला लहरीपणा हेच मुद्दे पुढे येत होते.

आमच्या गल्लीत एक बाई होती. नवरा मारायचा. तिला कोणी विचारलं की म्हणायची, "मारस, पन जीव बी लावस." डटन आणि पेंटर यांचा अख्खा लेख त्या बाईने पाच शब्दांत सांगून टाकला होता. फक्त त्यातला 'पन' जरा नीट ऐकायला हवा. आपण तो 'तरीही' असा ऐकतो. मार आहे तरीही जीव आहे. संशोधन सांगतं ते असं की मार आणि जीव एकाआड एक येतात, म्हणूनच गाठ सुटत नाही.

आजीच्या लेखी मात्र या बाईचं आणि मायचं काही साम्य नव्हतं. मायने एकदाच, माझ्यासमोर, आजीपुढे डोळ्यांना पदर लावला. आजी म्हणाली, "मारस नही, पेस नही. आखो काय जोयजे तुले?" आजी वाईट नव्हती. तिच्या काळच्या तराजूत दोनच मापं होती, मार आणि दारू, आणि त्या तराजूत आबा सोन्यासारखे भरत होते.

हॅरी हार्लो यांच्या माकडांबद्दल बहुतेकांनी ऐकलेलं असतं. विस्कॉन्सिन विद्यापीठ, १९५८ च्या सुमाराचं काम. माकडाच्या पिलांना दोन खोट्या आया दिल्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिलं दिवसभर कापडी आईला बिलगून. भुकेपेक्षा ऊब मोठी, हे सिद्ध करायला त्या पिलांचे फार हाल केले गेले, त्याबद्दल हार्लोंवर टीका झाली ती योग्यच. पण पाठ्यपुस्तकात सहसा न येणारा एक भाग आहे. पुढे १९६३ मध्ये लिओनार्ड रोझेनब्लम आणि हार्लो यांनी अशी कापडी आई केली की जिच्या अंगातून मधूनच हवेचा जोराचा झोत यायचा. पिलू दचकायचं. दचकून कुठे जायचं? तिलाच जास्त घट्ट धरायचं.

इंग्रज मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९६९ पासूनच्या आपल्या तीन खंडांत मांडलेलं मूळ सूत्र हेच आहे. भ्यालेलं लेकरू आपल्या माणसाकडे धावतं; धावण्याची ती यंत्रणा जन्मजात आहे आणि म्हातारपणापर्यंत सुटत नाही. भीती जर त्याच माणसाची असेल तर? तरी पाय तिकडेच वळतात, दुसरं दार त्यांना माहीतच नसतं. मायला आबांच्या अबोल्याने जो घोर लागायचा, तो निवारणारं जगात एकच माणूस होतं, ते ओट्यावर बसलेलं.

आता एक गोष्ट मात्र मला या थोर लोकांविरुद्ध बोलायची आहे. बोल्बींच्या लिखाणात मुख्य आई एकच असते. आमच्या घरात तशी सोय नव्हती. मोठी माय होती, काकू होती, आजी होती, उन्हाळ्यात धाब्यावर रांगेने अंथरुणं पडायची आणि कोणतं पोर कोणाच्या कुशीत झोपलंय याचा हिशेब सकाळी लागायचा. मायचा चेहरा आठ-आठ दिवस ओढलेला असताना मी मोठ्या मायच्या मांडीवर बसून कळण्याची भाकरी खायचो. आज मी बराचसा धड आहे तो त्या मांडीमुळे. हायडी केलर या जर्मन संशोधिकेने कॅमेरूनमधल्या न्सो शेतकऱ्यांच्या घरात हेच पाहिलं, लेकरू अनेक हातांत वाढतं, आणि त्यावरून पाश्चात्त्य मापांवर तिने बरीच कडक टीका केली. गंमत अशी की या विषयातली दुसरी मोठी संशोधिका मेरी एन्सवर्थ, तिचं पहिलं काम अमेरिकेतलं नव्हतंच. १९५४-५५ मध्ये ती युगांडातल्या खेड्यांत २६ घरांत जाऊन मायलेकरांना न्याहाळत होती. बाल्टिमोरची ती प्रसिद्ध प्रयोगशाळेतली खोली, जिथे आई बाळाला थोडा वेळ सोडून जाते, ती नंतरची.

हल्ली मुलं मला रील दाखवतात. "सर, तो अव्हॉयडंट आहे आणि ती अँक्शस." म्हणजे तो दुरावणारा आणि ती धास्तावलेली, रक्तगट सांगावा तसं. १९८७ साली सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात तीन परिच्छेद छापले आणि वाचकांना विचारलं, प्रेमात तुम्ही यातले कोण? निम्म्याहून जास्त लोकांनी निर्धास्त असलेला परिच्छेद निवडला, उरलेले दुरावणारे आणि धास्तावलेले यांत विभागले गेले. तिथून हे वर्गीकरण प्रेमात आलं. चांगलं काम आहे, पण माणूस परिच्छेद नसतो. आबा आपल्या बैलांशी तासन्‌तास बोलायचे.

तेही सांगायला हवं. एन्सवर्थच्या बाल्टिमोरच्या खोलीत आई निघून गेल्यावर काही बाळं रडायची नाहीत, ती परत आली तरी खेळण्यात मान घालून बसायची. बघणाऱ्याला वाटायचं, किती समजूतदार. नंतर संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते रडणाऱ्या बाळांसारखेच धडधडत होते. सिअॅटलला जॉन गॉटमन यांनी नवरा-बायकोला भांडायला बसवून ठोके मोजले. जो भिंतीसारखा गप्प होतो, आणि तो बहुतेक वेळा नवरा असतो, त्याच्या आत वादळ असतं. आबांची नाडी कोणी पाहिली नाही. आजोबा तापट होते, चाबूक हातात घेऊन बोलायचे, असं ऐकलंय. गप्प राहणं ही आबांनी बहुधा लहानपणी शोधलेली लपायची जागा होती. तिथून ते बाहेर आलेच नाहीत, आणि बाहेर मायचा श्वास कोंडत होता. दोन्ही खरं.

हे मला इतकं खात्रीने कसं कळतं? माझं लग्न झालं. बायको नाशिकची, भांड्याला भांडं लागलं की वाजवून मोकळी होणारी. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी कसल्याशा खर्चावरून मी तिच्याशी अकरा दिवस बोललो नाही. वाईट हे की मला त्याचा अभिमान वाटत होता. मी ओरडत नाही, हात उचलत नाही, संयम ठेवतो. तराजू आजीचाच. ती म्हणायची, "अहो, भांडा ना माझ्याशी, पण बोला." मी पेपर वाचायचो. कानात ठोके ऐकू यायचे आणि मी पेपर वाचायचो. पुढेही हे चालूच राहिलं, चार दिवस, सहा दिवस.

मुलगी पाच वर्षांची असताना एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारातून चालत माझ्या खुर्चीपाशी आली. हात मागे बांधलेले, पाठ केल्यासारखं म्हणाली, "बाबा, आईने सांगितलंय, गिझर लावलाय." आणि उत्तर न्यायला थांबली. चेहऱ्यावर काय होतं सांगू? खुशी होती. आपल्यावाचून घरात पान हलत नाही अशी.

अहिराणीची मराठी झाली होती, धाब्याचं घर जाऊन फ्लॅट आला होता. टपालाचा रस्ता तोच.

मी बदललो वगैरे म्हणणार नाही. गॉटमन सांगतात, डोकं तापलं की किमान वीस मिनिटं थांबा, पण थांबतोय असं सांगून थांबा, आणि परत या. मी आता म्हणतो, "मला आत्ता बोलता येत नाहीये, तासाभराने बोलू." बायको मोबाइलवर खरंच तासाचा गजर लावते. गजर वाजला की समोर येऊन बसते. पहिल्यांदा मला फार राग आला होता. काही वेळा अजूनही येतो.

मागे एकदा व्याख्यानानंतर एक बाई मागे थांबली. तिने हळूच विचारलं, "सर, नवरा बोलतच नाही, याची तक्रार कशी लिहायची?" कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्यात शाब्दिक आणि भावनिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे: अपमान, हेटाळणी, शिवीगाळ, मूल किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे. अबोला हा शब्द नाही. पण मनाच्या आरोग्याला इजा करणारं वागणं त्या व्याख्येत बसतं, हे मी तिला सांगितलं आणि म्हटलं, शब्द शोधत बसू नका, जे घडलं ते तारखेनिशी लिहा. त्याच्या न बोलण्यामुळे तुमचं काय काय अडलं, ते लिहा. तिने विचार केला आणि म्हणाली, "माहेरी जाणं अडलं." मला पुढे काही सुचेना. एव्हान स्टार्क या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने २००७ मध्ये लिहिलंय की ताबा ठेवायला मार लागत नाही, रोजच्या बारीकसारीक गोष्टींची दोरी हातात असली की पुरते. मी ते वाचलेलं होतं. पण त्या बाईसमोर मला आठवला खुंटीवरचा सदरा.

आबा २०११ मध्ये गेले. दर आखाजीला आम्ही गावी जातो. पितरांची घागर भरतो, वर डेरगं म्हणजे छोटं मडकं, त्यावर खरबूज, शेजारी सांजोऱ्या आणि दोन आंबे. आगारी टाकून झाली, म्हणजे विस्तवावर पितरांचा घास देऊन झाला, की माय घागरीसमोर बराच वेळ बसते. गेल्या आखाजीला मी शेजारी बसलो होतो. रसाची वाटी घागरीपुढे ठेवून ती मला म्हणाली, "तुना बापले सांग, औंदा रस पातय व्हयना."

मी म्हटलं, "माय, आता तूच सांग ना. कोण अडवतंय?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. घागरीकडे बघितलं. ओठ हललेसे वाटले. मग मान हलवून म्हणाली, "तू सांग. तुनं आयकतस."

मी घागरीकडे वळलो आणि सांगितलं.